बाबांच्या स्लाईड आणि स्वस्तातला स्कॅनर

बाबा साताऱ्यात भूगोल शिकवायचे आणि सुट्टी लागली की कॅमेरा घेऊन डोंगरात. प्रिंट काढायचे नाहीत, स्लाईडच, म्हणजे छोट्या चौकटीत बसवलेला पारदर्शक फिल्मचा फोटो. वर्गात खिडक्यांना काळा कागद लावून प्रोजेक्टरवर दाखवायचे. ते गेल्यावर माळ्यावरून सहा डबे खाली आले, मोजल्या तर ६४० स्लाईड निघाल्या, आणि प्रोजेक्टरचा बल्ब कधीच उडालेला. आई ७८ वर्षांची आहे, त्या फोटोतली माणसं ओळखणारी आता ती एकटीच, त्यामुळे स्लाईड कॉम्प्युटरवर उतरवायचं काम पुढच्या वर्षावर ढकलायचं नाही असं ठरवलं.

आधी लॅबमध्ये चौकशी केली. एका स्लाईडचा भाव ऐकून त्याला ६४० ने गुणलं आणि गप घरी आलो. मग एका मित्राकडचा स्लाईड स्कॅन करायचा स्वस्तातला छोटा डबा आणला, स्लाईड आत सरकवा, बटण दाबा, झालं. खोक्यावर २२ मेगापिक्सेल लिहिलेलं. स्पीड खरंच चांगला, तासाभरात शंभर झाल्या. पण कासच्या पठारावरची एक स्लाईड आहे, टोपली कारवी फुललेली, सात वर्षांतून एकदा फुलते ती, तेव्हा तिथं ना तिकीट ना गाड्यांची रांग. स्लाईड उजेडाला धरली की जांभळा रंग अंगावर येतो आणि त्या डब्यातून निघालेला फोटो नुसता निळा, मागचं ढगांच्या सावलीतलं रान तर काळं ठिक्कर. तिथंच मला कळलं की खोक्यावरचा आकडा बघून काही घ्यायचं नाही.

थोडं गणित सांगतो, कारण दुकानदार सांगत नाहीत. स्लाईडमधलं चित्र असतं ३६ बाय २४ मिलिमीटर. इंचाला ३२०० ठिपके खरे मिळाले तरी साधारण ४५३५ बाय ३०२४ पिक्सेल होतात, म्हणजे पावणेचौदा मेगापिक्सेल, घरच्या भिंतीवर लावायला भरपूर. अशा बऱ्याच डब्यांत आतला सेन्सर १३-१४ मेगापिक्सेलचाच असतो, वरचे सॉफ्टवेअरने फुगवलेले. पण खरी गोची पिक्सेलची नाहीच. स्लाईडमध्ये सावली फार दाट असते, प्रिंटपेक्षा कितीतरी दाट, तिथला तपशील बाहेर काढायचा तर एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते, आपल्या हातात पाहिजे आणि फाईल रॉ पाहिजे, म्हणजे सेन्सरनं टिपलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणारी, बहुतेक स्वस्त डबे फक्त जेपेग देतात.

एप्सन व्ही६०० हा काचेवर ठेवून स्कॅन करायचा सपाट स्कॅनर पण बघितला. एका वेळी चार स्लाईड बसतात, घरचे जुने कागद-फोटोही होतात, आणि इन्फ्रारेडने धूळ ओळखून पुसतो. ज्यांच्याकडे प्रिंट आणि स्लाईड दोन्ही आहेत त्यांनी तोच घ्यावा असं मला मनापासून वाटतं. प्लस्टेकचा ८२००आय स्कॅनर नुसत्या फिल्मसाठी आहे, त्याच्यापेक्षा बारीक तपशील काढतो, पण स्लाईड एकेक हातानं सरकवायची आणि प्रत्येकीला काही मिनिटं, ६४० ला किती शनिवार गेले असते बघा. आणि एक गोष्ट, आमच्या निम्म्या स्लाईड कोडाक्रोम या कोडॅकच्या फिल्मवरच्या आहेत, मामानं अमेरिकेहून आणलेले रोल. कोडाक्रोमवर ते इन्फ्रारेड नीट चालत नाही, चित्रालाच धूळ समजतं. म्हणजे ज्यासाठी जास्त पैसे मोजायचे तेच आमच्या निम्म्या स्लाईडना कामाचं नाही.

शेवटी स्कॅनर घेतलाच नाही. घरात २४ मेगापिक्सेलचा जुना डीएसएलआर होताच, त्याला बाबांचीच ५० एमएमची लेन्स अॅडॅप्टरनं बसवली, मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स जवळून फोकस व्हावी म्हणून लावायच्या पोकळ नळ्या, साधारण ३३ मिलिमीटर झाल्या की कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरमध्ये पूर्ण स्लाईड मावते. खाली एलईडी लाईट पॅड, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरचा, इथं पैसे वाचवू नका, कारवीचा जांभळा याच्यामुळंच परत आला. ट्यूब, पॅड, अॅडॅप्टर आणि धूळ उडवायचा हवेचा ब्लोअर मिळून चार हजारांच्या आत बसलं. मोबाईलचा पांढरा स्क्रीन वापरून बघितला होता, त्याचे पिक्सेल फोटोत येतात, मध्ये दुधी काच अंतर ठेवून लावली तर जरा बरं. कॅमेरा सरळ आहे का बघायला स्लाईडच्या जागी छोटा आरसा ठेवायचा, लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की झालं. लेन्सचं छिद्र एफ/८ वर, दोन सेकंदांचा टायमर, खोलीत अंधार, आणि स्लाईडभोवती काळा पुठ्ठा.

धुळीला फक्त ब्लोअर. बुरशी लागलेल्यांना पाणी चुकूनही लावू नका, बुरशीनं वरचा थर कमकुवत होतो आणि पाण्यात विरघळायला लागतो, चित्रासकट जातं. चकचकीत बाजू कुठली आणि मंद कुठली तेही बघून ठेवा, पहिल्या दिवशी एसटी स्टँडची पाटी उलटी आली तेव्हा समजलं.

आता रोज संध्याकाळी आई शेजारी बसते, मी स्क्रीनवर मोठं करतो, ती नावं सांगते आणि मी फाईलला तेच नाव देतो. कालच्या एका फोटोत ती पाच मिनिटं नुसती बघत राहिली, मग म्हणाली, ही साडी मी बोहारणीला दिली रे. २१२ झाल्यात. उद्या तिसरा डबा काढायचाय, त्याच्यावर बाबांच्या अक्षरात कोयना एवढंच लिहिलंय.