एरर आली, पण काम झालं

रिपोर्टमध्ये प्रत्येक शेरा तीनदा छापून येतोय, अशी टेस्टरची तक्रार सकाळीच आली. मी सवयीने क्यूवर, म्हणजे मेसेज रांगेत ठेवणाऱ्या भागावर, संशय घेतला आणि जेवणापर्यंत लॉग उपसत बसलो. मेसेज तर एकदाच येत होता.

मग डोक्यात आलं, तीन हा आकडा आमच्या पायथन कोडमध्ये एकाच ठिकाणी आहे: एक्सेप्शन, म्हणजे चालू कोडमध्ये एरर, आलं की तीनदा प्रयत्न करणारा लूप. तिसऱ्यांदाही फसलं की तो गुपचूप पुढे जायचा. असा लूप लिहिणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली असती, पण तो मीच लिहिला होता. एक्सेप्शन छापून बघितलं: 'टपल ऑब्जेक्ट डझ नॉट सपोर्ट आयटम असाइनमेंट'. म्हणजे टपलच्या, न बदलणाऱ्या यादीच्या, खान्यात काही नव्याने ठेवता येत नाही.

आमची नोंद म्हणजे आधी साधी लिस्ट होती: ऑर्डर क्रमांक आणि शेऱ्यांची आतली लिस्ट. क्रमांक चुकून कोणी बदलू नये म्हणून मागच्या आठवड्यात मी तिचा टपल केला. एक ओळ तशीच राहिली: नोंद[१] += [शेरा], म्हणजे दुसऱ्या खान्यातल्या (मोजणी शून्यापासून) लिस्टला शेरा जोड. टपल बदलता येत नाही, तेव्हा एरर यायलाच हवी. पण मग शेरे वाढले कसे?

इंटरप्रिटर उघडला. टी = (७, []), मग टी[१] += ['क']. टाइपएरर. टी छापला तर (७, ['क']). शेजारच्या सहकारी मॅडमना बोलावून पुन्हा करून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग एरर नक्की कशाची आली?"

डिस मॉड्यूल लावून बाइटकोड, म्हणजे पायथन आतून एकेक करून पाळतो त्या सूचना, बघितला तेव्हा उलगडलं. += ही दोन कामं आहेत. आधी लिस्ट जागच्या जागी वाढते, मग तीच लिस्ट टपलच्या खान्यात परत ठेवायला जाते. पहिलं काम बिनबोभाट होतं, दुसरं 'स्टोअर_सबस्क्र' या खान्यात ठेवण्याच्या सूचनेपाशी अडतं. आणि गंमत म्हणजे, जी ठेवायची ती लिस्ट तिथेच असते! कोणत्या खान्यात कोणती वस्तू एवढंच टपल पक्कं धरतो, तिच्या पोटात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

+= काढून अपेंड केलं, जे लिस्टला नुसतं जोडतं, परत ठेवायला जात नाही; लूपमध्ये लॉग घातला. संध्याकाळी मॅडमनी लिंक पाठवली: पायथनच्या अधिकृत एफएक्यूमध्ये, म्हणजे नेहमीच्या प्रश्नांच्या यादीत, हाच प्रश्न आहे. सोबत एक शब्दही नाही.

राहिला आठवड्याभराचा बिघडलेला डेटा. प्रत्येक गोष्ट एकदाच ठेवणारा सेट वापरून चालेना, कारण काही नोंदींवर तोच शेरा खरोखरच दोनदा पडला होता, तिथे सहा प्रती होत्या. शेवटी [::३] लावून दर तिसरा शेरा तेवढा ठेवला.