पाटे की स्प्रिंग?

आज बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीपर्यंत दोन सेकंडहँड गाड्या चालवून बघितल्या. दोन्ही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या. एक जुनी जीप, मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. दुसरी नव्या धाटणीची, कॉइल म्हणजे वेटोळ्याच्या स्प्रिंगची, पुढची दोन चाकं एकमेकांपासून स्वतंत्र वरखाली होणारी.

नवीत आई मागं बसली आणि जांबोटीच्या पुढे चक्क झोपली! जीपमध्ये मात्र प्रत्येक खड्ड्याला "अगं बाई". मांडीवरचा कुंद्याचा डबा दोनदा खाली. पाटे रिकाम्या गाडीत कडकच लागतात. मागे चार पोती भात टाकलं की दबतात आणि गाडी शहाण्यासारखी चालते. पण आईला न्यायचं म्हणून रोज पोती कुठून आणू?

परतताना खानापुरात गॅरेजवाल्या मामांनी नवीच्या खाली टॉर्च मारला. पुढचं चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी बूट, म्हणजे आवरण, बोटभर फाटलेलं, आतल्या ग्रीसमध्ये लाल माती. मामा म्हणाले, "हे असंच पावसात फिरवलं की सांधा गेलाच म्हणून समजा. सामान मिळालं तर बरं, नाहीतर बसा वाट बघत. पाटा तुटू दे, संध्याकाळपर्यंत बदलून देतो की."

आमचं शेत मलप्रभेच्या उगमाकडं. जुलैत तिथं गाडी बंद पडली तर ओढायला ट्रॅक्टरसुद्धा लवकर येत नाही. मी हे तीनदा भोगलंय.

आईला म्हटलं, जीपच घेतो. ती कंबर चोळत म्हणाली, "घे की. मी बसनं येते."