उसनी सॅक

मे संपत आला की आमच्या घरात सगळ्यांना एकदम माळ्याची आठवण होते. आगोट, म्हणजे पावसाळ्याचं तोंड, जवळ आली, पिंपं खाली काढा, घासा, खळ्यात उन्हात घाला, त्यात तांदूळ भरा, सोलं भरा, सुकी मासळी पेपरात गुंडाळून डब्यात कोंबा, आणि हे सगळं भर दुपारी, कारण सकाळी कामं असतात आणि संध्याकाळी मच्छर. तर परवा दुपारी मी शिडीवर चढून मधलं पिंप ओढलं आणि त्याच्यामागून एक निळी सॅक थेट माझ्या डोक्यावर आली.

लागलं काही नाही, रिकामीच होती. पण वास! जवळ्याचा. दहा-अकरा वर्षं माळ्यावर पडून, मांजरं वावरून, कौलांतून पाणी गळून, त्या सॅकेत सगळ्यात टिकाऊ काय निघालं तर सुक्या जवळ्याचा वास. खाली बसून कप्पे उघडले. वरच्या झाकणाच्या कप्प्यात वाळून गोटीएवढं झालेलं एक लिंबू, शाई उडून कोरं झालेलं एसटीचं तिकीट आणि एक छोटी स्टीलची डबी. डबीवर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, आणि ते नाव आमच्या घरातल्या कोणाचंच नाही.

म्हणजे सॅक दादाची, डबी काळसे गावातल्या एका बाईंची, आणि दोन्ही माझ्याकडे. छान.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, बोरिवलीचा. नॅशनल पार्कला लागून राहतो आणि आम्ही कोकणातले म्हणून जरा जंगलाबिंगलाच्या बढाया मारायला लागलो की तो लगेच सुरू, आमच्याकडे 104 चौरस किलोमीटर जंगल आहे, आत दोन तलाव आहेत, विहार 1860 चा आणि तुळशी 1879 चा, कान्हेरीची लेणी आहेत, आणि बिबटे तर सोसायटीच्या गेटपर्यंत येतात, तुमच्याकडे काय आहे? मग मीही एकदा इरेला पेटून म्हटलं, आमच्याकडेपण दोन तलाव आहेत आणि ते कोणाच्या परवानगीशिवाय बघता येतात, मी एका तलावापासून दुसऱ्यापर्यंत चालत जाऊन दाखवते. सावंतवाडीचा मोती तलाव ते धामापूरचा तलाव. आणि तिथून पुढे मालवण, म्हणजे समुद्रच लागला की थांबायचं, वाद मिटला. तो म्हणाला, जा, माझी सॅक ने. गणपतीला आला तेव्हा घेऊन आला, साठ लिटरची, आणि दीड तास मला ती कशी भरायची ते शिकवलं. झोपायची पिशवी तळाला, जड सामान मध्ये आणि पाठीला चिकटून, हलकं वर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमरपट्टा घट्ट, ओझं खांद्यावर नाही, कमरेवर आलं पाहिजे. कमरपट्टा हा शब्द त्याने इतक्या वेळा उच्चारला की आई आतून म्हणाली, सोन्याचा आहे काय रे?

भात कापून झाल्यावर निघालो, डिसेंबर 2014. तेव्हाच निघायचं असतं, मळे मोकळे, मेरेवरून चालता येतं, व्हाळांना पाणी घोट्याएवढं. आम्ही तिघी मैत्रिणी. आईला भीती हत्तींची, कारण माणगाव खोऱ्यात तेव्हा हत्ती होतेच, पुढे 2015 ला पकडले त्यांना. मी म्हटलं अगं आम्ही तिकडे जातच नाही, तर म्हणाली, हत्तीक काय म्हायत तुमी खंय जातास ता? याच्यावर काय बोलणार.

सकाळी मोती तलावाच्या कठड्यावर बसून फोटो काढला, 1874 सालचा तलाव, समोर राजवाडा, आणि आम्ही तिघी पाठीवर बिऱ्हाड घेऊन. लोक वळून वळून बघत होते. सावंतवाडीत माणूस सॅक घेऊन दिसला की तो गोव्याला जाणारा असतो, आम्ही उलट्या दिशेने निघालो. आकेरीचं रामेश्वराचं देऊळ, मग झाराप, मग पिंगुळी, जिथे ठाकर समाजाच्या घरात चित्रकथीच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. जमेल तिथे हायवे सोडून पाणंदीने. पाणंद म्हणजे काय ते सांगत नाही, ज्याला माहिती आहे त्याला आत्ता दोन्ही बाजूचे गडगे आणि पायाखालची ओली पानं दिसलीच असतील.

आणि पहिला मुक्काम कुठे? आमच्याच घरी! कुडाळच्या अलीकडेच तर राहतो आम्ही. एवढी वीस-बावीस किलोमीटरची पायपीट करून, चौदा किलो ओझं वाहून, पायाला फोड घेऊन मी माझ्याच खळ्यात येऊन उभी राहिले. आजी तुळशीजवळ बसली होती. आधी ओळखलंच नाही, मग म्हणाली, पाठीर बिऱ्हाड घेवन खंय चललंस गो? एस्टी बंद आसा काय आज?

आजीबद्दल इथे एक सांगायला पाहिजे. पूर्वीची माणसं किती चालायची वगैरे लोक बोलतात ना, तशी माझी आजी चालायची, खरंच, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, बाजाराला चालत आणि परत चालत. पण तिला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. ज्या दिवशी गावात एसटी आली त्या दिवसापासून ती लांब म्हणून चाललीच नाही. दोन स्टॉपसाठीसुद्धा गाडीची वाट बघत तासभर बसायची. मी विचारलं, आजी तुला आठवण नाही येत त्या वाटांची, तर म्हणाली, मानेक येता.

तर दुसरा दिवस. कुडाळ, नेरूर, मग नेरूरपारचा पूल, खाली कर्ली नदी, पुढे देवबागला समुद्राला मिळणारी. पूल ओलांडला आणि तिघींचंही पाणी संपलं. काळशात एका घरासमोर थांबलो. बाई भांडी घासत होत्या, आमच्याकडे बघून आधी हसल्या, मग म्हणाल्या, बसा मगे, पेज घेवा वायच. उकड्या तांदळाची पेज, वर खोबऱ्याची कातळी, आणि सुक्या जवळ्याची चटणी. ती चटणी काय होती! नुसती चुलीवर भाजलेली, कांदा, खोबरं, सोलं, बाकी काही नाही. आम्ही तिघींनी इतकी वाहवा केली की बाईंनी उरलेली डबीत भरून दिली आणि म्हणाल्या, डबी काय येताना टाकून जा घरात.

आणि आम्ही येताना त्या वाटेने आलोच नाही. मालवणला पोचलो, पाय समुद्रात घातले, आणि तिथून सरळ एसटी पकडली ती कसालमार्गे. हे ते कोरं झालेलं तिकीट.

आता मला भांडं परत करण्याबद्दल थोडं बोलायचंय. लहानपणी आमच्या आणि शेजारच्या काकींच्या घरांच्या मध्ये एक दगडी गडगा होता आणि त्या गडग्यावरून दिवसभर वाट्या इकडून तिकडे जायच्या. विरजण, गूळ, पाव किलो पीठ, कधी नुसता कढीपत्ता. फक्त दिवे लागले की दही-मीठ मागायचं नाही, सुई तर नाहीच. आणि आलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही, हा कायदा. आईला वेळेवर काही सुचायचं नाही, मग ती चिंचेचा गोळा टाकायची, दोन ओल्या मिरच्या टाकायची, काहीच नसलं तर चमचाभर साखर. आणि वाटी पोचवायला मी.

गडग्यापर्यंत पोचेपर्यंत एकदा मी साखर खाल्ली. सगळी. वाटी चाटून पुसून लख्ख. मग गडग्यावर चढले आणि लक्षात आलं की ही रिकामी वाटी आहे. पोटात धस्स झालं. बाजूला तगरीचं झुडूप होतं, त्याचं एक फूल तोडून वाटीत ठेवलं आणि नेलं. काकींनी फूल उचललं, वास घेतला, तिथल्या तिथे अंबाड्यात खोचलं आणि म्हणाल्या, आवशीक सांग, फूल बरां आसा हां. मी आईला सांगितलं. आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिने साखर पाठवली होती.

त्यानंतर काकींकडूनही वाटीतून फुलं यायला लागली, अबोली, बकुळीची वळेसार, एकदा तर सोनचाफा. हे किती वर्षं चाललं आणि कधी बंद झालं आठवत नाही. फ्रिज आला तेव्हा बहुतेक. विरजण संपायचं थांबलं.

तर या कायद्यामुळेच, असं मी स्वतःला सांगते, दादाची सॅक इतकी वर्षं राहिली. कारण भांडं रिकामं परत द्यायचं नसतं आणि हे साठ लिटरचं भांडं आहे. यात घालणार काय? पहिल्या वर्षी ठरवलं आंबे घालू, त्या वर्षी कलमांना मोहोर धरला नाही. दुसऱ्या वर्षी काजूगर, पण साठ लिटर काजूगर घ्यायचे तर घर विकावं लागेल. मग चतुर्थीला दादा यायचा तेव्हा विचारायचा, काय गो माझी सॅक? मी म्हणायची, भरतेय रे. सगळे हसायचे. मग कधीतरी त्याने विचारायचं सोडलं आणि सॅक पिंपामागे गेली. त्याने विचारायचं सोडलं हे मला परवा शिडीखाली बसल्यावर कळलं.

आणि धामापूर. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोन डोंगरांच्या मध्ये बांध घालून 1530 साली हा तलाव केला, विजयनगरच्या राज्यातले मांडलिक नागेश देसाई यांनी. काठावर भगवतीचं देऊळ, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या, मागे दाट झाडी. पुढे 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला, पण आम्ही गेलो तेव्हा तिथे फक्त आम्ही तिघी आणि एक खंड्या. तंबू लावायची फार इच्छा होती. दोन दिवस वाहिला होता तो तंबू. पण मैत्रिणीची आत्या धामापूरचीच निघाली आणि तिने तंबू हा शब्दसुद्धा तोंडातून काढू दिला नाही. तंबू जसा नेला तसा परत आला, घडीसुद्धा मोडली नाही. कोकणात बॅकपॅकिंग होतच नाही, दर पाच किलोमीटरवर कोणाची तरी आत्या असते.

रात्री त्याच आत्याने ती गोष्ट सांगितली, आम्हाला माहिती असलेलीच, पण तलावाच्या इतक्या जवळ ऐकली नव्हती. गावात लग्न निघालं आणि घरात सोनं नसलं की परडीत फुलं ठेवायची आणि परडी पाण्यात सोडायची. परडी बुडायची आणि परत वर यायची ती दागिन्यांनी भरून. लग्न पार पडलं की दागिने परडीत घालून तलावाला परत. कित्येक वर्षं असं चाललं. मग कोणीतरी परत केले नाहीत. त्या दिवसापासून तलाव देत नाही.

लहानपणापासून त्या कोणीतरीचा मला भयंकर राग होता. लोभी, चोर, सगळ्या गावाचं नुकसान केलं. आता जवळ्याचा वास येणारी सॅक मांडीवर घेऊन बसले आणि पहिल्यांदा वाटलं की ती बाई चोर नसेलही. लग्न झालं असेल, पाहुणे गेले असतील, मांडव सोडायचा राहिला असेल, पोर आजारी पडलं असेल. दागिने फडक्यात बांधून वर ठेवले असतील, उद्या नेते म्हणून. मग आगोट आली असेल. पुढच्या वर्षी न्यायला लाज वाटली असेल, त्याच्या पुढच्या वर्षी जास्त. आणि तलाव काही चतुर्थीला येऊन विचारत नाही, काय गो माझा कमरपट्टा.

संध्याकाळी दादाला फोन केला. म्हटलं तुझी सॅक सापडली, रविवारी शेजारचे तुतारी एक्स्प्रेसने निघतायत, त्यांच्याबरोबर पाठवते. तो म्हणाला, राहू दे गो, माझे गुडघे गेले, डॉक्टरने जिने चढायचेपण बंद केलेत, मी काय करू आता सॅक? मी काही बोलले नाही. थोडा वेळ तोही काही बोलला नाही, मग त्याने विचारलं, कमरपट्ट्याचं बक्कल ठीक आहे ना, डाव्या बाजूला चीर होती त्याला.

बघितलं. आहे चीर. तेवढीच आहे.

डबीचं काय करायचं ते कळत नाहीये. काळशाला जाता येईल, अर्धा-पाऊण तास लागेल, पण घर कसं ओळखणार, कौलारू, समोर फणस, खळ्यात तुळस, हे काय वर्णन झालं? नाव तेवढं आहे डबीवर. तोवर साखर भरून ठेवलीय, आणि चिरंजिवांनी त्यातली निम्मी आत्ताच खाल्लेली दिसतेय.

सॅक मात्र तीन पाण्यांनी धुतली. वास गेला नाही. आंबे संपले, पेट्या परवाच मुंबईला गेल्या. मग मागच्या झाडावरचा एक कापा फणस उतरवून आणला आणि दादाने शिकवलं तसं, जड सामान मध्ये आणि पाठीला चिकटून, घालून बघितला. बसतो. अगदी माप घेऊन शिवल्यासारखा बसतो. वरची चेन काही केल्या लागत नाही, तेवढंच.