शिट्ट्या मोजणारे साहेब

कुकरच्या शिट्ट्या मोजणं हे नेमकं कोणाचं काम, हा प्रश्न मला वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. कराडला आमच्या घरी आई मागच्या दारी धुणं वाळत घालत असो की शेजारणीशी बोलत असो, तिसऱ्या शिट्टीला बोलता बोलता आत जाऊन गॅस बंद करून यायची. ती मोजतेय हे कोणाला दिसायचंच नाही, त्यामुळे ते काम आहे असंही कधी वाटलं नाही.

१९९३ साली डिप्लोमा घेऊन मी एका ठेकेदाराकडे लागलो आणि कोकण रेल्वेच्या कामावर रत्नागिरीच्या उत्तरेला, उक्षीच्या बाजूला जाऊन पडलो. सगळ्या मार्गावर नव्वदहून जास्त बोगदे खणायचे होते. त्यातला सर्वांत लांब, साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आमच्या शेजारचाच. आसपास हॉटेल असं नव्हतंच. रस्त्यावर एक चहाची टपरी होती, तीही पावसाळ्यात मालकाच्या मर्जीवर. म्हणून एका जांभ्या दगडाच्या घराचा अर्धा भाग आम्ही चौघांनी भाड्याने घेतला. दोन खोल्या, पडवी, वर मंगलोरी कौलं आणि मागे विहीर.

चौघे म्हणजे आमच्या टप्प्याचे इंजिनिअर साहेब, सोलापूरचे स्टोअरकीपर अण्णा, केरळचा सर्व्हेअर आणि मी. सर्व्हेअरला सगळे चेट्टा म्हणायचे, म्हणजे त्यांच्याकडचा थोरला भाऊ. साइटवरची उतरंड सरळ होती. साहेब सर्वांत वर, मी सर्वांत खाली. पहिल्या संध्याकाळी पंपाचा स्टोव्ह पेटवायची वेळ आली आणि ही उतरंड उलटी झाली. साहेबांना काहीच येत नव्हतं. काहीच म्हणजे चहासुद्धा नाही. अण्णांना हातावर भाकरी थापता यायची. संपला विषय. त्या घरात त्या दिवसापासून अण्णा साहेब झाले. साहेबांना कांदा दिला तर त्यांनी सालासकट चिरला, लसूण दिला तर तो अजून निवडतायत. शेवटी अण्णा अगदी आदराने म्हणाले, "साहेब, तुम्ही शिट्ट्या मोजा."

कातळात सुरुंगाची भोकं किती, कुठल्या भोकात दारू किती, यात हा माणूस कधी चुकला नाही. शिट्ट्यांमध्ये मात्र रोज चुकायचा. त्यांच्या बाजूने सांगायचं तर काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. जुलैतला कोकणातला पाऊस कौलांवर कोसळत असताना आणि खाली स्टोव्ह भरभरत असताना शिट्टी ऐकू येणं हीच मोठी गोष्ट होती. त्यात कुकरमध्ये एकमत नव्हतं. चेट्टाला रत्नागिरीच्या बाजारात उकडा तांदूळ दिसला तेव्हा तो देशाबाहेर गाववाला भेटावा तसा खूश झाला होता. कोकणातली माणसं आणि त्याची माणसं एकच जाडा, लालसर भात खातात, हे त्याला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. अण्णांना तो भात म्हणजे गुरांचं खाणं वाटायचं. साधा तांदूळ तीन शिट्ट्यांत होतो. उकड्याला सहा-सात तरी लागतात. म्हणजे तीन शिट्ट्यांनंतर कुकर उतरवायचा, वाफ जाऊ द्यायची, अण्णांचा डबा काढायचा आणि पुन्हा चढवायचा.

"साहेब, किती झाल्या?"

"चार. का तीन?"

"म्हंजे पाच झाल्या," असं म्हणून अण्णा उठायचे.

कितीतरी रात्री आम्ही भाताची खीर खाल्ली.

पावसाळ्यात तिथे सगळंच मऊ पडतं. मिठाचं पाणी व्हायचं, काडेपेटी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवावी लागायची. अण्णा गावाहून ज्वारीचं पीठ आणायचे. पीठ जुनं झालं की त्याची विरी जायची आणि भाकरी थापता थापता कडेने फाटायची. त्या दिवशी अण्णांच्या वाटेला कोणी जात नसे. एकदा रॉकेल संपलं म्हणून कोणीतरी जनरेटरचं डिझेल स्टोव्हमध्ये घातलं. तो कोणीतरी मीच. दोन दिवस आम्ही नाक शिंकरलं तरी काळं निघत होतं.

भांडण मात्र एकदाच झालं, तेही वहीवरून. खर्च वहीत लिहायचा, महिनाअखेर चार भाग करायचे. अण्णा शाकाहारी, त्यांचा तवाही वेगळा, म्हणून मासे वेगळ्या पानावर. चेट्टाने काही महिने हे सोसलं आणि मग त्याच्या हिंदीत विचारलं, "बांगडा अलग पेज, तो शेंगदाणा क्यों कॉमन?" प्रश्न बिनतोड होता. अण्णांची शेंगांची चटणी संपायच्या आत दुसरी कुटायला घेतली जायची, आणि शेंगदाणे काही स्वस्त नव्हते. अण्णांचं म्हणणं, चटणी सगळे खातात. चेट्टाचं म्हणणं, मी खात नाही. आणि हे बोलताना त्याच्या ताटात चटणी होती. निकाल साहेबांवर आला. ते बराच वेळ वही बघत बसले आणि म्हणाले, "खोबरेल तेल कोणाच्या पानावर आहे?" तेही कॉमनमध्येच निघालं. चेट्टा सगळं त्यातच परतायचा. मला आणि अण्णांना पहिला महिनाभर डोक्याला लावायचं तेल खाल्ल्यासारखं वाटत होतं. शेंगदाणे आणि खोबरेल एकमेकांत वळते झाले.

चेट्टाने घरून आणलेली कुडमपुळी संपली तेव्हा शेजारच्या आजींनी मूठभर आमसुलं दिली. कुडमपुळी म्हणजे त्यांच्याकडे माशाच्या कालवणात घालतात ती काळी, धुरकट आंबट सालं. त्याने आमसुलं घालून बांगड्याचं कालवण केलं, डोळे मिटून चाखलं आणि म्हणाला, "सेम नहीं. कझिन." पुढे कधीतरी वाचलं, ते अगदी बरोबर निघालं. दोन्ही झाडांची शास्त्रीय नावं गार्सिनियानेच सुरू होतात.

एक दिवस मात्र अजून आठवतो. बोगद्यात काहीतरी अडलं होतं आणि हवे ते बोल्ट स्टोअरमध्ये नव्हते. मागणी वेळेत गेली होती, माल वरूनच आला नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी साहेबांनी अण्णांना मजुरांसमोर झाड झाड झाडलं. अण्णा मान खाली घालून उभे. संध्याकाळी घरी आलो तर स्टोव्हला पिन मारून अण्णा नेहमीसारखे बसलेले. भाकरी, आमटी, भात. पहिला घास घेतला आणि कळलं, आमटीत मीठ नाही. विसरलं असेल? अण्णा मीठ विसरणारे नव्हते. मी चेट्टाकडे पाहिलं, चेट्टाने ताटाकडे पाहिलं. मिठाची बरणी साहेबांच्या हाताशीच होती. त्यांनी ती उचलली नाही. आमटी संपवली, वाटी पुढे केली आणि म्हणाले, "अण्णा, अजून थोडी."

अण्णांनी वाढली. साहेबांनी तीही संपवली. मग उठून, आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. चौघांची ताटं गोळा करून विहिरीवर नेली. भर पावसात. ती नीट निघाली नव्हती, मी रात्री पुन्हा घासली, पण तो भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी साइटवर आवाज तसाच होता. साहेब काही बदलले नाहीत. फक्त अण्णांशी बोलायचं असलं की आधी स्टोअरच्या आत जायचे.

आमच्या टप्प्याचं काम संपत आलं तशी भांडी वाटायची वेळ आली. तवे ज्याचे त्याला गेले, स्टोव्ह आजींना दिला. कुकर वर्गणीतून घेतलेला, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. निघाला साहेबांच्या नावावर. अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

२६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाड्या सुरू झाल्या तेव्हा आम्ही चौघे चार ठिकाणी होतो. त्याच सुमारास साहेबांचं एक पोस्टकार्ड आलं. रेल्वेबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. लिहिलं होतं, "कुकर उत्तम चालू आहे. शिट्ट्या सौ. मोजते. मला लसूण निवडायला दिला आहे."