पुनर्विकासाच्या सहीसाठी मधाचं बोट

सोसायटीचा पुनर्विकास निघाला की बिल्डरचा माणूस नाराज सभासदांच्या घरी चकरा मारू लागतो. "काका, तुमच्या शब्दाला इथे वजन आहे. तुम्ही सही केलीत की बाकीचे येतीलच." मग आवाज खाली आणून: "तुमचं वेगळं बघू." जादा पार्किंग, वरचा मजला, पन्नास फूट जास्त. हेच शब्द शेजारच्या विंगमध्येही ऐकवलेले असतात.

या हरभऱ्याच्या झाडामागे साधा हिशेब आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ)खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती हवी. साठ सभासदांत ४० हजर, ३१ होकार. अठ्ठावीस जमले की उरलेल्या तिघांची मनधरणी सुरू होते. अशा वेळी रकाने कोरे ठेवलेल्या संमतीपत्रावर अजिबात सही करू नका.

सगळ्यात जास्त फसगत क्षेत्रफळात होते. "६५० फूट" म्हणजे कुठले फूट? रेरा, म्हणजे बांधकाम व्यवसायावर नियंत्रण ठेवणारा कायदा. त्यातल्या कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळात, आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. ६० फुटांची बाल्कनी आत घुसडली असेल तर हाती ५९०च येतात. प्रत्येक खोलीची मापं घातलेला नकाशा मागा आणि तो करारनाम्याला जोडून घ्या.

काम चालू असताना बिल्डर जे घरभाडं देतो त्याचंही तसंच. काम तीन वर्षांचं आणि पुढच्या तारखांचे चेक पहिल्या वर्षाचेच, असं सर्रास चालतं. बिल्डर अडकला की चेक वटत नाहीत, म्हणून चेकवर विसंबू नका. प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी घ्यायची तरतूद याच शासन निर्णयात आहे. समितीने ती सोडता कामा नये. कॉर्पस, म्हणजे बिल्डर सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम, कधी मिळणार तेही लिहून घ्या: घर सोडताना की ताबा घेताना.

आणि "तुमचं वेगळं बघू"? ते सर्वसाधारण सभेत सगळ्यांसमोर बोलायला सांगा, इतिवृत्तात येऊ द्या. नोंदणीकृत विकास करारात आणि तुमच्या पर्यायी घराच्या करारात ते नसेल तर ते मिळणार नाही असंच धरून चाला.

ज्येष्ठ सभासद अडून बसतात ते बहुधा हट्टाने नव्हे. या वयात भाड्याने घर कोण देणार, दवाखाना लांब पडेल, ही त्यांची खरी काळजी असते. समितीने त्यांना गोड बोलून गुंडाळू नये. जवळच्या भाड्याच्या घरांची यादी, सामान हलवायचा खर्च आणि मंजुऱ्या हाती आल्याशिवाय घर रिकामं करावं लागणार नाही हे लेखी, एवढं घेऊन त्यांच्याकडे जावं.