आमची वाटचाल: टाक्या, दाब आणि एक गॅरंटी

दोन वेल्डिंग मशीन, भाड्याची शेड आणि हायड्रो टेस्टचा (पाण्याच्या दाबाने वेल्ड तपासायचा) हाताने मारायचा पंप, एवढ्यावर भागीदाराने आणि मी प्रेशर व्हेसलचं, म्हणजे दाब सहन करणाऱ्या टाक्यांचं काम सुरू केलं. तो पंप अजून चालू आहे. दाब चढवताना गेजचा काटा थरथरतो आणि मग जागेवर थांबतो. अर्धा तास तो हलला नाही की वेल्ड पास. आजही मी टेस्टला स्वतः उभा राहतो.

पहिल्या मोठ्या ऑर्डरला खरेदीदार कंपनीच्या साहेबांनी ३० टक्के अ‍ॅडव्हान्स दिला, बँक गॅरंटीवर. प्लेट त्याच पैशातून आली. आम्ही बुडवलं तर बँक भरून देणार, म्हणून अनोळखी माणसाने आधी पैसे मोकळे केले. डिस्पॅचगणिक गॅरंटीची रक्कम कमी होत जाईल, हे कलम साहेबांनी आपणहून घातलं. समोरच्याचं हित पाहून मसुदा लिहिणारा खरेदीदार मला पुन्हा भेटला नाही. निवृत्त होईपर्यंत ते आमच्याकडूनच माल घेत राहिले.

मधली वर्षं बरी गेली.

मग आठ व्हेसलची ती ऑर्डर आली. परफॉर्मन्स गॅरंटी, म्हणजे करार नीट पुरा होईल याची बँकेची हमी, १० टक्क्यांची. ड्रॉइंगला मंजुरी द्यायला त्यांनीच अकरा आठवडे लावले, आमचा माल नऊ आठवडे उशिरा गेला. टेस्ट पास, माल ताब्यात, तरी गॅरंटीची मुदत संपत आली की पत्र यायचं: वाढवा, नाहीतर पैसे भरा. दोनदा वाढवली. तिसऱ्यांदा नाही म्हणालो आणि त्यांनी गॅरंटी इनव्होक केली, म्हणजे बँकेकडे पैसे मागितले.

मंजुरीच्या पत्रव्यवहाराची फाइल घेऊन मी बँकेत धावलो. मॅनेजरने ती उघडलीही नाही. मसुद्यात लिहिलं होतं, ‘पहिल्या मागणीवर, कोणतीही हरकत न घेता’. सही आमची. बँकेने पैसे दिले. बँकेकडे ठेवलेलं मार्जिन थोडं होतं, उरलेली रक्कम काउंटर गॅरंटीमुळे, म्हणजे बँकेला भरून देण्याच्या आमच्या हमीमुळे, आमच्या कॅश क्रेडिटला (उचलीच्या खात्याला) नावे पडली. लिमिट संपलं, प्लेटवाल्याचे चेक परत गेले. दोन महिन्यांचे पगार भागीदाराने घरचे दागिने गहाण ठेवून दिले.

वकिलांनी एडवर्ड ओवेन विरुद्ध बार्कलेज हा इंग्लंडच्या अपील कोर्टाचा १९७७ चा निकाल पुढे ठेवला. लिबियाला ग्रीनहाउस पुरवणाऱ्या कंपनीचीही १० टक्क्यांची गॅरंटी होती. खरेदीदाराने ठरल्यासारखं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे मालाचे पैसे देण्याची बँकेची हमी, उघडलं नाही, तरी बँकेला पैसे देणं भागच आहे असं कोर्टाने ठरवलं. स्पष्ट फसवणूक असेल आणि बँकेला ती माहीत असेल, तरच अपवाद. मूळ करारातलं भांडण बँकेच्या दारात येत नाही. बँक चुकली नव्हती, हे मी पुढे मान्य केलं. पण ते पैसे आमचे होते, हे मी आजही म्हणतो.

नव्या मुलांना सांगतो, गॅरंटी यूआरडीजी ७५८ या मागणीवरच्या गॅरंटींच्या नियमांखाली द्या. आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्सचे हे नियम १ जुलै २०१० पासून लागू आहेत. त्यांत पंधराव्या कलमाप्रमाणे मागणीसोबत लेखी निवेदन लागतं: पुरवठादाराने नेमकं कोणत्या बाबतीत करार मोडला. आमच्या खरेदीदाराला हे सही करून लिहावं लागलं असतं, तर त्याचा हात अडखळला असता. मुदत कशाने संपणार तेही मसुद्यात लिहून घ्या. माल स्वीकारल्याचा दाखला बँकेत दिला की संपली, असं.

आणि खरेदी करताना स्वतःही गॅरंटी घ्या. घडीव भाग पुरवणारा फोर्जिंगवाला अ‍ॅडव्हान्स घेऊन बंद पडला तेव्हा आमच्या मागणीचे कागद त्याच्या बँकेने पाच कामकाजाच्या दिवसांत तपासले आणि पैसे दिले. त्या दिवशी हाच कागद आमच्या बाजूने होता.

गेल्या वर्षी, गॅरंटी इनव्होक करणाऱ्या त्या खरेदीदाराची पुन्हा चौकशी आली. मी यूआरडीजीचा मसुदा पाठवला. उत्तर आलं, आमचा फॉरमॅट बदलत नाही. भागीदाराने ड्रॉइंग गुंडाळून परत पाठवली. आम्ही कोटेशन दिलं नाही.