शुक्रवारी बदलणारा फाइल सर्व्हर

भोसरीत बहुतेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. तिथल्या एका वर्कशॉपची तक्रार शुक्रवारी सकाळी आली: व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशिनवर) चढवलेला प्रोग्रॅम जुन्या ड्रॉइंगचा निघाला आणि भोकं आधीच्या रिव्हिजनच्या मापाने पडली. ऑफिसातल्या विंडोज १० वर तीच फाइल उघडली तर बरोबर, मशिनशेजारच्या विंडोज एक्सपीवर जुनी. एरर कुठेच नाही, झेड ड्राइव्ह, म्हणजे सर्व्हरवरचं शेअर केलेलं फोल्डर, व्यवस्थित जोडलेला.

सर्व्हर दोन होते, दोन्ही विंडोज सर्व्हर २०१६. डोमेन (सगळे पीसी एका जागेवरून सांभाळणारी व्यवस्था) नाही, साधा वर्कग्रुप. पहिल्याचं नाव प्रॉडक्शन-फाइल१, दुसऱ्याचं प्रॉडक्शन-फाइल२. दुसऱ्यावर दर शनिवारी रात्री रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी कमांडने पहिल्याची नक्कल उतरायची. शेअरचं नाव तेच, युजर आणि पासवर्डही तेच. म्हणून चुकीच्या सर्व्हरवर गेलं तरी दार उघडत होतं.

एक्सपीवरून पूर्ण नावाने पिंग केलं तर पहिल्या सर्व्हरचाच आयपी येत होता. इथेच बहुतेक जण फसतात. पूर्ण नावाची नोंद राउटरच्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या सेवेत) होती, त्यामुळे पिंगचं उत्तर बरोबरच येणार. ड्राइव्ह कुठल्या नावाने जोडलाय ते ‘नेट यूज’ ही कमांड सांगते, आणि तिथे शेवटचा १ नव्हताच.

तो कुठे गेला? नेटबायोस म्हणजे नेटवर्कवर पीसी ओळखायची जुनी नावपद्धत. तिच्यातलं नाव १६ बाइटचं असतं. त्यातला शेवटचा बाइट सेवेचा प्रकार सांगतो (फाइल सर्व्हरसाठी हेक्समध्ये २०), म्हणजे नावाला उरतात १५. इंग्रजी स्पेलिंगने मोजा: प्रॉडक्शनची १०, आडवी रेघ १, फाइलची ४. झाली १५. आकडा सोळावा, तो कापला जातो. नाव देताना विंडोज तसा इशारा देतं, पण तिथे सगळे ओके दाबून पुढे जातात. डीएनएसला हा प्रश्न नाही, तिथे एका भागाला ६३ अक्षरं चालतात. एक्सपीच्या ‘माय नेटवर्क प्लेसेस’मध्ये मात्र कापलेलंच नाव दिसतं आणि ड्राइव्ह तिथूनच निवडून मॅप केलेला होता.

आता दोन्ही सर्व्हरचं नेटबायोस नाव एकच झालं. एका सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच तुकड्यात) जो आधी चालू होईल तो नाव नोंदवतो; नंतरच्याने तेच मागितलं की पहिला यूडीपी पोर्ट १३७ वर हरकत घेतो. एरवी यूपीएसवर दोघेही अखंड चालू, त्यामुळे काही बिघडत नसे. गुरुवारी मात्र दोन्ही बंद व्हायचे. शुक्रवारी चालू करताना पहिल्याचं रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) उठायला वेळ घेई, तेवढ्यात दुसरा नाव पटकावून बसे. ऑपरेटरने मशिनवर केलेली दुरुस्तीही मग दुसऱ्यावर सेव्ह होई आणि शनिवारच्या कॉपीत पुसली जाई. हे नुकसान तोवर कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

खात्री करायला हरलेल्या सर्व्हरवर ‘एनबीटीस्टॅट -एन’ (नेटबायोस नावं दाखवणारी कमांड) चालवलं: नावापुढे ‘रजिस्टर्ड’ऐवजी ‘कॉन्फ्लिक्ट’. सिस्टीम लॉगमध्ये नेटबीटीची (विंडोजच्या नेटबायोस ड्रायव्हरची) ४३१९ नंबरची नोंदही होती. हरकत घेणाऱ्याचा आयपी तिच्या डेटामध्ये हेक्समध्ये असतो.

नावं बदलून पीफाइल१ आणि पीफाइल२ केली. फरक दाखवणारा आकडा पहिल्या १५ अक्षरांत आला की बास. ऑफिसातले शॉर्टकट तुटू नयेत म्हणून जुनी लांब नावं डीएनएसमध्ये सीनेम, म्हणजे टोपणनावं, करून ठेवली. एसएमबी१ (फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल) वाला क्लायंट अशा टोपणनावाने आला की एरर ५२ मिळू शकते, ‘नेटवर्कवर डुप्लिकेट नाव आहे’. खरं डुप्लिकेट असताना क्लायंट गप्प आणि नसताना ही ओरड! त्यावर उपाय म्हणजे सर्व्हरच्या रजिस्ट्रीत लॅनमॅनसर्व्हरच्या पॅरामीटर्समध्ये ‘डिसेबलस्ट्रिक्टनेमचेकिंग’ ही डीवर्ड प्रकारची व्हॅल्यू १ करून सर्व्हर सर्व्हिस पुन्हा सुरू करणं.

एक्सपी पीसी चारच. तेवढ्यासाठी विन्स सर्व्हर (नेटबायोस नावांची नोंद ठेवणारा) उभारणं मला पटत नाही, नावं आणि आयपी हाताने लिहायची एलएमहोस्ट्स फाइल पुरते. सिस्टीम३२ मधल्या ड्रायव्हर्स\ईटीसी फोल्डरमध्ये एका ओळीत आयपी, नाव आणि शेवटी हॅशसह मोठ्या लिपीत ‘प्री’ (ओळ आधीच कॅशमध्ये भरायची खूण). फाइलला एक्स्टेन्शन नको. नोटपॅड गुपचूप टीएक्सटी लावतं आणि नमुन्याची एसएएम फाइल विंडोज वाचतच नाही. मग ‘एनबीटीस्टॅट’ला मोठ्या लिपीतला आर देऊन कॅश रिकामी करून फाइलमधून पुन्हा भरली. लहान सी दिल्यावर पीफाइल१ पुढे लाइफ -१ दिसलं, म्हणजे ओळ फाइलमधून उचलली गेली.

झेड ड्राइव्ह नव्या नावाने जोडून दोन्ही सर्व्हर बंद केले, मुद्दाम दुसरा आधी चालू केला. तीन पीसी बरोबर. चौथ्यावरच्या डीएनसी (मशिनला प्रोग्रॅम पाठवणाऱ्या) सॉफ्टवेअरने मॅप केलेला ड्राइव्ह वापरलाच नव्हता, पूर्ण पाथ त्याच्या सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये जुन्या कापलेल्या नावाने लिहिलेला होता. ती ओळ बदलली आणि सॉफ्टवेअर पुन्हा चालू केलं.